दहा वाजताचं ऊन

रात्रीचे साडेनऊ.
समोरच्या घराच्या ग्रॅनाइटवर
ऊन अजून दुपारसारखं चमकतंय,
आणि मृण्मयी पलंगावर उभी राहून सांगतेय,
"सूर्य झोपला नाही. मी कशी झोपू?"

मुद्दा बरोबर आहे.
साडेतीन वर्षांच्या बाईंना
पृथ्वी कशी कललेली असते ते दाखवायला
मी एक संत्रं आणि टॉर्च घेऊन बसलो.
संत्रं तिनं खाल्लं.
दात पुन्हा घासले.

फ्रिजवर हेल्थ व्हिजिटरनं दिलेला कागद आहे.
साडेसहा आंघोळ, पावणेसात दूध,
सात वाजता एक गोष्ट
(एकच, दोनदा अधोरेखित),
साडेसात, दिवा बंद.
कोपऱ्यात टोपी घातलेला चंद्र.
ॲबर्डीनला आल्यापासून
जूनमध्ये मी चंद्र पाहिलेला नाही,
टोपीवाला नाही, बोडका नाही.

मग पडदा आणला, काळा, जाड,
काचेला रबरी चकत्यांनी चिकटणारा.
पहाटे तीनला एक चकती सुटते, फट्,
आणि तेवढ्या फटीतून
सगळं उजाडून घेतं.
छपरावर सीगल पाय वाजवत फिरतात,
भाडं थकल्यासारखे.

नर्सरीत म्हणे झोपते.
कर्स्टी वहीत लिहून देते:
आज चाळीस मिनिटं.
आज वीस.
आज नुसतीच पडून होती, चादरीच्या दोऱ्याशी बोलत.
"दुपारची झोप सुटायला आलीय," ती म्हणाली,
"दुधाच्या दातासारखी. तुम्ही हलवू नका,
आपली आपण पडेल."
मी मान डोलावली.
पण रविवारच्या त्या एका तासात
मी आणि सुनिधी एक वाक्य
अर्ध्यात न तोडता पूर्ण बोलायचो.
ते कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं.

खरी मेख पाच वाजता.
बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर
तिची मान लवायला लागते.
जिला आठ वाजता हात जोडायचे, झोप गं बाई,
तिलाच आत्ता गदागदा:
"झोपू नकोस! ते बघ, घोडा!"
घोडा नसतो.
मागच्या सीटवरच्या आजीबाई मात्र
माझ्यासाठी वाकून घोडा शोधतात.
पाचला पाच मिनिटं डोळा लागला
की रात्री अकरापर्यंत घरात वरात.

काल संध्याकाळी समुद्रावरून धुकं आलं.
इथले लोक त्याला हार म्हणतात.
पहिल्या वर्षी मी हसलो होतो,
कुणाच्या गळ्यात? म्हणून.
काल कळलं, तो हार नव्हे, ती हार,
आणि माझी.
रस्ता पुसला गेला, चर्चचं टोक गेलं,
सीगलसुद्धा गप्प.
मी पडदा ओढला नाही, कागद वाचला नाही,
तिच्या पलंगाशेजारी गालिच्यावर
कामाच्या कपड्यांतच आडवा झालो.

ती वरून वाकून बघत राहिली.
मग एक हात खाली आला,
माझ्या कपाळावर थोपटू लागला,
दोन बोटांनी, थोडं थांबून थांबून,
कर्स्टी थोपटत असेल तसं.
"श्श. सूर्य गेला, बाबा."
आधी कोण झोपलं ते सांगता येणार नाही.

सकाळी आठला सुनिधी रात्रपाळीहून आली.
मला ओलांडून गेली, हसली नाही,
तेवढं त्राण नव्हतं.
मृण्मयीला खाली उतरवलं, मोजे शोधले,
आणि पलंगावरच्या त्या लहानशा, अजून गरम खळग्यात
ती पाय पोटाशी घेऊन मावली.
आमच्या घरात अंधार एकच आहे,
तो दोघी पाळीपाळीनं वापरतात.

धुकं उतरलं होतं. ऊन पुन्हा हजर.
मी सुटलेल्या चकतीला जिभेचं बोट लावलं,
काचेवर दाबली,
आणि ती धरेपर्यंत
तसाच उभा राहिलो.